कर्ण्याची कुळकथा

गेल्या श्रावणांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाण्याचा योग आला. हा गृहस्थ इंजिनीअर असून चांगल्या पगारावर आहे. त्याच्या दिवाणखान्यांत प्लायवुडच्या दोन उंच पेट्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या माथ्याशीं चार इंचांचा एकच कागदी पडदा, आणि खालीं एक रुंद, अंधारें तोंड. त्यानें अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. आवाज इतका मोकळा कीं, तो पेटींतून येत आहे हें कानास पटेना. शेजारचा वर्धक पाहिला, तर त्याची शक्ति अवघी चार वॉट! त्याचे वडील मात्र नाराज दिसले. "बाजारांत सगळें मिळत असतां हा शिकला-सवरलेला माणूस दर रविवारीं करवत घेऊन बसतो, याला काय म्हणावें?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न खरा होता, आणि त्याचें उत्तर त्या पेटीच्या इतिहासांतच आहे, असें आम्हांस मागाहून आढळून आलें.

या पेटीच्या पोटांत एक लांब कर्णा घडी घालून बसविलेला असतो. कर्णा आपणांस परका नाहीं. देवळांतील कर्णा, मिरवणुकींतील तुतारी आणि आजोबांच्या ग्रामोफोनचें तें फुलासारखें उमललेलें तोंड, या सर्वांचें कूळ एकच. पडदा हलतो खरा, पण हवा इतकी विरळ कीं, रिकाम्या जागीं ठोसा मारणाऱ्या मल्लाप्रमाणें त्याचें बहुतेक बळ वायां जातें. कर्ण्याच्या अरुंद गळ्यांत मात्र हवेस एकदम निसटतां येत नाहीं. ती पडद्यास टेका देते, आणि हळूहळू रुंदावणारी वाट त्या लाटेस बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करते. या रुंदावण्याचें गणित आर्थर गॉर्डन वेब्स्टर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१९ सालीं प्रसिद्ध केलें.

त्या काळीं कर्णा ही चैन नव्हती. कॅलिफोर्नियांत जेन्सन व प्रिडहॅम या जोडीनें १९१५ सालीं आपला विजेचा ध्वनिवर्धक लोकांस ऐकविला, तो कर्ण्यांतूनच. आणि १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन सॅन डिएगो येथें हजारों श्रोत्यांपुढें बोलले, तेही कर्ण्याच्याच आधारानें. तेव्हांचे निर्वात नळ्यांचे वर्धक मोजकेच वॉट देत. तेवढ्यांत भलें मोठें चित्रपटगृह भरून काढावयाचें होतें. परंतु १९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं वेगळीच वाट दाखविली. चुंबकांतील तारेच्या वेटोळ्यानें हलणारा कागदी शंकु सरळ फळीवर बसवावा, कर्णा नकोच! या रीतींत शंभर भाग विजेपैकीं जेमतेम एक-दोन भागांचा ध्वनि होतो. पण यंत्र लहान, सोपें आणि स्वस्त होतें. घरगुती कर्ण्यास पहिली नोटीस मिळाली ती येथें.

ही नोटीस न मानणारा एक मनुष्य लंडनमध्यें होता. पॉल फॉइग्ट (१९०१-१९८१) हा एडिसन बेल या ध्वनिमुद्रिकांच्या कारखान्यांत काम करी. तो कारखाना मोडल्यावर १९३३ सालीं त्यानें स्वतःची कंपनी काढली. एकाच ड्रायव्हरनें खर्जापासून तार सप्तकापर्यंत सर्व कांहीं गावें, हा त्याचा ध्यास. त्यासाठीं मोठ्या शंकूच्या मध्यभागीं त्यानें उंच स्वरांकरितां दुसरा लहान शंकु चिकटविला. पुढें पेटी खोलीच्या कोपऱ्यांत ठेवून त्यानें घराच्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग बनविलें. जाणत्यांनीं वाखाणणी केली. परंतु माल महाग, आणि मध्यें महायुद्ध आलें. १९५० सालीं फॉइग्ट इंग्लंड सोडून कॅनडास गेला. त्याची परंपरा लोथर कंपनीच्या डोनाल्ड चेव्ह यानें पुढें चालविली.

पुढील दहा वर्षांत बाजारानें निकाल दिला. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर व्हिलचर यानें लहानशी बंद पेटी काढली. तिचा खर्ज उत्तम, पण विजेची भूक मोठी. ट्रान्झिस्टरनें पुढें वॉट स्वस्त केल्यावर त्या भुकेची फिकीर कोण करतो? १९५८ च्या सुमारास स्टिरिओ ध्वनिमुद्रिका आल्या, आणि एका पेटीच्या जागीं दोन लागूं लागल्या; दोन रिकामे कोपरे किती घरांत सांपडणार? शिवाय घडीच्या कर्ण्यास सुताराचे कित्येक दिवस मोडतात. कर्णा गुणांत हरला नाहीं. मजुरीच्या हिशेबांत हरला.

परंतु हौशी माणसाच्या हिशेबांत मजुरीचें सदरच नसतें! म्हणून कर्णा त्याच्या घरीं आश्रयास गेला. त्याच्या हातीं पडद्याची पुढली बाजू मोकळी राहून सरळ श्रोत्याकडे गाते. मागली लाट एका लहान कोठींत शिरते. तेथील हवा स्प्रिंगसारखी वागून उंच स्वर अडविते आणि खालचे स्वर कर्ण्यांत सोडते. जपानांत तेत्सुओ नागाओका (१९२६-२०००) या ध्वनिसमीक्षकानें या विद्येस घरोघर पोंचविलें. पंडितांच्या वक्र रेषेच्या जागीं त्यानें पायऱ्या योजिल्या. कर्ण्याच्या सर्व फळ्या एकाच रुंदीच्या. वाट टप्प्याटप्प्यानें मोठी होते, आणि करवत नेहमीं सरळच चालते. निमुळत्या मानेवर लहान डोकें असलेल्या त्याच्या एका पेटीस 'हंस' असें नांव आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या पेट्या ह्याच वंशांतल्या.

या कर्ण्यांत दोष नाहींत असें मात्र नव्हे. सेकंदास चाळीस कंपनांच्या स्वराची लाट साडेआठ मीटरांहून लांब असते. तिला साजेसें तोंड घरांत मावणार नाहीं, म्हणून खालचा खर्ज तोकडाच राहतो. अडीच मीटरांच्या वाटेनें आलेला स्वर पुढल्या स्वराहून सेकंदाचा सुमारें सात-सहस्रांश उशिरा पोंचतो. त्या दिवशीं पखवाजाचा घुमारा कांहीं बोलांवर जरा अधिकच वाजला. विद्यार्थ्यानें तो निमूटपणें ऐकला, मागची फळी उघडली आणि कोठींत लोकरीचा एक पुंजका वाढविला. पुढल्या खेपेस घुमारा कमी झाला.

आम्हीं आयुष्यभर पुस्तकें शिकविलीं; एक खिळा मात्र सरळ ठोकलेला नाहीं. आमच्या वर्गांत हातास घट्टे पडणें हें अजूनही शिक्षण वायां गेल्याचें चिन्ह समजतात. परंतु वेब्स्टरचें गणित जगलें तें केवळ ग्रंथांत नव्हे; बाजारानें टाकून दिल्यावर तें रविवारच्या भुशांत जगलें. त्या वडिलांस आतां आम्ही इतकेंच सांगूं: विकत घेतलेल्या वस्तूचा दोष आपण सोसतों, स्वतः केलेल्या वस्तूचा दोष आपण ऐकतों, समजून घेतों आणि दुरुस्त करतों. मुलाच्या हातीं करवत आहे म्हणून त्याचें शिक्षण वायां गेलेलें नाहीं. तें आतां कोठें कामास लागलें आहे.