ठक, माफीचा साक्षीदार आणि देवीची कुदळ : एका कथाबंधाची जन्मकथा

भिलाईच्या पोलाद कारखान्याजवळून दुर्ग-रायपूरकडे जो हमरस्ता जातो, त्याच्या दिशेने नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत जगन्नाथपुरीचे यात्रेकरू पायी जात असत. नागपूर, रायपूर, संबळपूर, कटक असा तो मार्ग होता. १८०३ पर्यंत कटक भोसल्यांकडेच असल्यामुळे यात्रेकरूंबरोबर लष्कर आणि खजिनाही या वाटेने हिंडे. मुक्काम झाडाखाली वा धर्मशाळेत पडे, आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांची सोबत हा प्रवासाचा एकमेव विमा असे. ठगांविषयीचा सारा इतिहास या सोबतीच्या भीतीतून उगवलेला आहे. ज्या खटल्यांमुळे हा शब्द जगभर गेला, ते चालले मात्र छत्तीसगडात नव्हे, तर याच राज्याच्या उत्तरेकडील मुलखात. जबलपूर, नरसिंहपूर, शिवनी हे जिल्हे १८१८ च्या सुमारास भोसल्यांकडून कंपनीकडे गेले. पेशव्यांच्या सत्तेखालचे सागरही तेव्हाच गेले. म्हणजे ठगीचा शोध लागला तो मराठी सत्ता नुकतीच ओसरलेल्या प्रदेशात, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

लोकप्रिय वाङ्मयात एक कथाबंध आज अतिपरिचित झाला आहे. कुठल्यातरी परक्या, धर्मवेड्या पंथाच्या हाती एक पुरातन, दैवी सामर्थ्याचे शस्त्र आहे, किंवा ते त्याच्या शोधात आहेत. आणि सुसंस्कृत जगाचा एक हेर वेष पालटून त्यांच्यात शिरतो. अवकाशयानांच्या कथांत हे पंथीय परग्रहावरचे असतात, एवढाच फरक. या कथाबंधाची एक ठळक जन्मखूण स्लीमनच्या जबलपुरात सापडते, आणि मूळ घटनेत वेष पालटून आत शिरलेला हेर मुळात नव्हताच, असे माझे प्रतिपादन आहे. आत शिरलेला माणूस आतलाच होता. तो फुटलेला होता.

कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याची पद्धत साधी होती. पकडलेल्या ठगाला फाशी टळण्याची आशा दाखवायची. त्याने आपल्या हयातीतील सर्व खुनांची, सर्व साथीदारांची आणि प्रेते पुरल्याच्या सर्व जागांची हकीकत सांगायची. काही लपविले असे निघाले तर माफी गेली. मग नजीब शिपायांच्या पहाऱ्यात त्याला संस्थानोसंस्थानी फिरवून नवे ठग ओळखून घ्यायचे. मराठीत यासाठी ‘माफीचा साक्षीदार’ असा नेमका शब्दप्रयोग आहे; साक्ष आणि माफी यांचा सौदा तो झाकत नाही. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध फिरंगिया हा ब्राह्मण ठग १८३० च्या अखेरीस हाती लागला. तत्पूर्वी त्याची आई, बायको आणि मूल स्लीमनच्या ताब्यात आलेले होते, आणि हा माणूस त्यांना सोडून फार दूर जाणार नाही हा हिशेब त्यामागे होता. पुढे सलोदा येथील आमराईत त्याने जागा दाखविल्या आणि खणल्यावर सांगाडे निघाले. खून झाले होते, माणसे मेली होती. त्याविषयी शंकेला जागा नाही. प्रश्न आहे तो धर्माचा.

कारण खुनांच्या जोडीला या साक्षीदारांकडून एक संपूर्ण धर्मशास्त्र वदवून घेतले गेले. १८३६ साली कलकत्त्यास निघालेल्या स्लीमनच्या ‘रामसियाना’ या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि साक्षीदारांशी झालेली प्रदीर्घ संभाषणे आहेत. त्यांत येणारी उत्पत्तिकथा अशी : रक्तबीज दैत्याच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवे दैत्य उपजू लागले, तेव्हा देवीने बाहूंवरील घामातून दोन पुरुष निर्माण केले आणि रक्त न सांडता मारण्यासाठी त्यांच्या हाती रुमाल दिला. आरंभी मारलेल्यांची प्रेते देवी स्वतः खात असे. एका नवशिक्याने मागे वळून पाहिले आणि ती सवलत गेली. पण दयेपोटी तिने आपला दात कुदळीसाठी, बरगडी सुरीसाठी आणि वस्त्राचा पदर फासासाठी दिला. सप्तशतीचा पाठ ऐकलेल्या कोणाही मराठी वाचकाला येथला फेरफार लगेच जाणवेल. मूळ कथेत देवी स्वतः जीभ पसरून रक्त पिते आणि संहार स्वतःच्या हाती ठेवते. ठगांच्या कथेत तोच अधिकार माणसाकडे वंशपरंपरेने सोपविला जातो. पुराणकथेला असे व्यवसायाचे शेपूट जोडणे ही आपल्याकडील जातिपुराणांची सर्वपरिचित रीत आहे. कोष्टी, सोनार, सुतार यांच्या उत्पत्तिकथा याच साच्याच्या आहेत.

कुदळीचे माहात्म्य तर विलक्षणच. लोहाराने ती दार लावून घडवायची. पाणी, गूळपाणी, ताक, दारू यांनी ती धुवायची. सात वेळा अग्नीतून काढायची. मग तिने नारळ फोडायचा. मुक्कामी ती जमिनीत पुरून ठेवायची, टोक पुढच्या वाटेच्या दिशेला. सकाळी टोक वळलेले आढळले तर देवीने दुसरी दिशा सांगितली असे समजायचे. पूर्वी तर ती रात्री विहिरीत टाकीत आणि पहाटे हाक मारताच ती आपण होऊन वर येई, असे दक्षिणेकडचे साक्षीदार शपथपूर्वक सांगतात. पुरातन दिव्यास्त्राची ही ठगी आवृत्ती. स्लीमनने यात हत्येचा धर्म पाहिला. मी यात खंडेनवमी पाहतो. ज्या समाजात सुतार किंकऱ्याची, शेतकरी नांगराची आणि लेखक लेखणीची पूजा करतो, भिलाईच्या कारखान्यात विश्वकर्म्याच्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लागते, तेथे ठगाने कुदळीला नारळ फोडला यावरून ठगीच त्याचा धर्म होता असे ठरत नाही. तो ज्या मुलखात राहत होता त्या मुलखासारखा वागला, एवढेच ठरते. देवी आपल्या भक्ताला शस्त्र देते ही कल्पनाही महाराष्ट्रात प्रतिष्ठितच आहे. शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीची आख्यायिका त्याच कल्पनेवर उभी आहे. ती तलवार विलायतेतून परत आणण्याची घोषणा १९८० साली अंतुले यांनी मुख्यमंत्री या नात्याने केली, तेव्हा त्यांना कोणी धर्मवेडे म्हटले नाही.

ठगांत मुसलमानही मोठ्या संख्येने होते. भवानी आणि फातिमा एकच, असे त्यांपैकी काहींनी स्लीमनला सांगितले. प्रश्न अडचणीचा होता आणि उत्तर हजरजबाबी. जो मनुष्य आयुष्यभर वाटसरूंना हवे ते बोलून त्यांचा विश्वास संपादन करीत आला, तो आपल्या आयुष्याच्या सर्वांत महत्त्वाच्या वाटसरूशी, म्हणजे तंबूत वही उघडून बसलेल्या साहेबाशी, निराळ्या पद्धतीने बोलला असेल असे का मानावे? ठकास महाठक भेटतो ही म्हण येथे दोन्ही बाजूंनी खरी आहे. शिवाय काळाचा क्रमही पाहण्याजोगा आहे. विंध्याचलचे देवालय हे ठगीचे पीठ असल्याचे सांगणारे स्लीमनचे निनावी पत्र कलकत्त्याच्या एका वाङ्मयीन पत्रात ऑक्टोबर १८३० मध्ये छापून आले. फिरंगिया तेव्हा अद्याप मोकळा होता. काही साक्षीदार आधी फुटले होते हे खरे. तरीही ग्रंथातील संभाषणांत विचारणाऱ्याजवळ उत्तरांचा आराखडा तयार होता, हे नाकारता येत नाही.

याच ग्रंथात वेरूळचा जो उल्लेख येतो, त्याकडे मराठी अभ्यासकाने थांबून पाहावे. आमच्या विद्येची प्रत्येक क्रिया वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहे, असे फिरंगिया सांगतो. एके ठिकाणी वाटसरूला भुलविणारा त्याच्याशी एका बैठकीवर बसून सलगीने बोलतो आहे, दुसरीकडे गळ्याभोवती फास आवळला जातो आहे, आणखी एके ठिकाणी पुरण्याची तयारी चालली आहे. ही शिल्पे माणसाच्या हातची नव्हेत, असाही त्याचा विश्वास. वेरूळला शिव-पार्वतीच्या अक्षक्रीडेची शिल्पे आहेत, अंधकासुरवध आहे, रावणानुग्रह आहे. बैठकीवरची सलगी ही अक्षक्रीडा असावी, असा माझा तर्क आहे. तर्कापलीकडे त्याला किंमत नको. पण येथे एक अनामिक वाचक प्रकट होतो. ‘रामसियाना’तील बहुतेक उत्तरे प्रश्नाच्या दाबाखाली आलेली आहेत, वेरूळविषयीच्या बोलण्यात मात्र स्वतःहून आलेला अभिमान ऐकू येतो. राष्ट्रकूटांच्या दगडात आपला धंदा वाचणारा हा मनुष्य आपल्या लेण्यांच्या आस्वादाच्या इतिहासात कोठेच नोंदलेला नाही.

धर्माच्या या आवरणाखाली पैशाची गोष्ट दडपली गेली. अमरावतीचे सावकार धनराज शेठ यांचा खजिना मुंबई-इंदूरच्या दरम्यान, अफूच्या व्यापारासाठी, हरकाऱ्यांच्या अंगावरून जात असे, आणि १८२० नंतरच्या दशकात खानदेश व नर्मदातीरी ठगांनी तो अनेकदा मारला. शेठजींनी आपला गुमास्ता मागावर धाडला. त्याने इंग्रज अधिकाऱ्यांकडून अधिकारपत्रे मिळविली, ठग पकडले, आणि गेलेली रक्कम पुढच्या मोहिमांतून भरून देण्याच्या बोलीवर त्यांना सोडूनही दिले, अशी हकीकत स्लीमननेच संतापाने नोंदविली आहे. या प्रकरणातला खरा गुप्त हस्तक हा गुमास्ता होय. त्याने ठगांना देवी विचारली नाही, रक्कम विचारली. आणि रकमेचे उत्तर मिळाले. साहेबाने देवी विचारली, त्याला देवीचे उत्तर मिळाले. सैन्ये मोडल्यावर मोकळे पडलेले शिपाई, गावच्या जमीनदारांचा लुटीतील वाटा, सावकारी खजिन्याचे मार्ग या अंगांनी हिरालाल गुप्त (१९५९), स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९) आणि किम वॅग्नर (२००७) यांनी विचार केला आहे. ठगी ही निव्वळ इंग्रजी कल्पना होती, हे काहींचे टोकाचे मत मला मान्य नाही. सलोद्याचे सांगाडे कल्पनेतून निघाले नव्हते.

पुढचा प्रवास वाङ्मयाचा आहे. निजामाच्या चाकरीतील मेडोज टेलर याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध केली. अमीर अली बोलतो आहे आणि साहेब ऐकतो आहे, हीच तिची चौकट. म्हणजे न्यायालयीन कबुलीचे कादंबरीत सरळ रूपांतर. हाच टेलर पुढे नळदुर्गला अधिकारी होता, तुळजापूर त्याच्या मुलखात येत असे, आणि १८६३ साली त्याने तुळजाभवानीच्या सेवेत गेलेल्या मुलीची ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. एकाच लेखकाची एकच देवी एका ग्रंथात खुन्यांची आहे, दुसऱ्यात एका निराधार मुलीची. दोहोंचा एकत्र विचार मराठीत व्हायला हवा. दरम्यान फिरंगिया युरोपात पोहोचला होता. एजेन सू याच्या ‘भटका ज्यू’ (१८४४-४५) या फ्रेंच कादंबरीत त्याच नावाचे पात्र वावरते.

निर्णायक बदल घडला तो जॉन मास्टर्सच्या ‘द डिसीव्हर्स’ या कादंबरीत. तिचा नायक विल्यम सॅव्हेज हा इंग्रज अधिकारी विणकराचा वेष घेऊन ठगांच्या टोळीत शिरतो, देवीचा गूळ खातो आणि रुमालाच्या मोहात सापडतो. स्लीमनने हे कधीच केले नव्हते. वास्तवात जी जोखीम बेडीतल्या साक्षीदाराची होती, ती कादंबरीने साहेबाला बहाल केली. साक्षीदार नाहीसा झाला आणि हेर जन्माला आला. गुळाचा तपशील मात्र जुनाच. तो एकदा चाखला की मनुष्य ठगच राहतो, हे फिरंगियाचे म्हणणे ‘रामसियाना’त आहे. त्याच्या तोंडी ती सुटकेची सबब होती, मास्टर्सने तिचे नाट्य केले. या कादंबरीवरील चित्रपट निकोलस मेयर याने १९८८ साली दिग्दर्शित केला. त्याआधी १९८२ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसरा चित्रपट त्यानेच केला होता आणि १९९१ मध्ये सहावाही केला. दोन कथाविश्वांतील अंतर किती थोडे आहे, याचा हा योगायोगाने मिळालेला पुरावा. १९८४ च्या स्पीलबर्गच्या चित्रपटात ठगांचा पुरोहित दैवी शिळा गोळा करून जग जिंकू पाहतो. विहिरीतून वर येणारी कुदळ तोवर एवढी वाढली होती.

या साऱ्याची किंमत पडद्याबाहेर मोजली गेली. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. विशिष्ट खून सिद्ध होण्याची गरज उरली नाही. गुन्हा हा वंशाचा आणि श्रद्धेचा असतो ही समजूत एकदा कायद्यात शिरल्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंतचा रस्ता लांब नव्हता. तो आधी उत्तरेत लागू झाला, नंतर देशभर पसरला. महाराष्ट्रात फासेपारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती त्याच्या कचाट्यात आल्या. फासेपारध्याचा फास तितर-हरणांसाठी होता, पण इंग्रजी कागदांत ‘फासीगार’ हा शब्द आधीच येऊन बसलेला होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मास्टर्सची कादंबरी त्याच वर्षी निघाली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले, पण त्यांचा विचार दलित आत्मकथनांच्या परंपरेत होतो, ठगाच्या कबुलीजबाबाच्या संदर्भात कोणी करीत नाही. ‘उचल्या’त चोरीचे शिक्षण आहे, पोलिसांचा मार सहन करण्याची लहान मुलांना दिलेली तालीम आहे, खबऱ्या आहे, पंचायत आहे. ‘रामसियाना’त जे जे विचारले गेले ते जवळजवळ सगळे त्यात आहे. विचारणारा मात्र नाही, आणि सांगणाऱ्याला माफी मागायची नाही.