एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मोटारसायकल-इंजिनाच्या मोटारीचा

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरातून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून सायलेन्सरपर्यंत नेणारा नळ्यांचा जोड. गॅरेजात याला ‘बेंड पाइप’ म्हणतात, शर्यतीच्या वर्तुळात ‘हेडर’. सुटे भाग जोडून बांधलेल्या हलक्या मोटारीत मोटारसायकलचे इंजिन बसवले की हा भाग बहुधा नव्याने घडवावा लागतो.

पार्श्वभूमी : अशा मोटारींची परंपरा ब्रिटनमध्ये रुजली. १९५७ सालची लोटस सेव्हन हा तिचा मूळ नमुना. पुढे सुझुकी हायाबुसासारखी इंजिने त्याच धाटणीच्या सांगाड्यांत बसू लागली. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी करतात. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत पेट्रोल मोटारींना ७१० घनसेंमी.पर्यंतचे चार-स्ट्रोक इंजिन चालते. मुंबई-पुण्याच्या संघांप्रमाणेच नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या (स्थापना १९८१) ठिकाणी यंत्र व उत्पादन अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनाही हे काम आवाक्यातले आहे.

मूळ पाइप का बसत नाही : मोटारसायकलचा पाइप इंजिनाच्या पुढून खाली उतरतो आणि पोटाखालून मागे जातो. चेनने मागची चाके फिरवणाऱ्या छोट्या मोटारीत इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि त्याची एक्झॉस्टची तोंडे चालकाच्या पाठीकडे येतात. खाली जमीन जवळ, पुढे अग्निरोधक पडदा, बाजूला सांगाड्याच्या नळ्या. म्हणून पाइप लगेच बाजूला वळवावा लागतो. पडदा, इंधनाची नळी आणि वायरिंग यांपासून अंतर ठेवणे ही पहिली अट आहे, कारण वायूचे तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

लांबी आणि व्यास : एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट नळीतून धावते. नळ्या जिथे एकत्र येतात तिथून ती ऋण दाबाची लाट होऊन परतते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच्या क्षणी ती पोचली, तर उरलासुरला धूर ओढून नेते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. प्राथमिक नळीच्या लांबीचा ढोबळ अंदाज असा : २१५९ ला व्हॉल्व्हच्या अंशांनी गुणावे, फेऱ्यांनी भागावे आणि ७.६ वजा करावेत, उत्तर सेंमी.मध्ये येते. येथे अंश म्हणजे १८० अधिक, पिस्टन तळाला पोचण्यापूर्वी व्हॉल्व्ह जितके अंश आधी उघडतो तितके. व्हॉल्व्ह ६० अंश आधी उघडत असेल आणि मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर जोर हवा असेल, तर लांबी सुमारे ५० सेंमी. येते. स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला २० मिमी. व्यासाच्या अरुंद तोंडातूनच हवा घ्यावी लागते. त्यामुळे वरच्या फेऱ्यांवर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि लांबी मधल्या फेऱ्यांसाठी ठरवणे शहाणपणाचे ठरते. चार सिलिंडरच्या ६०० घनसेंमी. इंजिनाला चारही नळ्या एकाच जागी आणता येतात, किंवा १–४ व २–३ अशा जोड्या करून मग एकत्र करता येतात. दुसऱ्या पद्धतीत मधल्या फेऱ्यांवरचा जोर अधिक पसरट मिळतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९०च्या जुन्या, ३७३ घनसेंमी. इंजिनासारख्या एक-सिलिंडर इंजिनाला जोडायला दुसरी नळी नसते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्या संघाने त्याच्यापासूनच आरंभ करावा.

विकत की घरचे : ब्रिटनमध्ये हायाबुसासारख्या इंजिनांसाठी तयार मॅनिफोल्ड मिळतात, पण ते ठरावीक सांगाड्यांसाठीच असतात. आपला सांगाडा आपणच बांधला असेल तर आयात करूनही कापाकापी चुकत नाही. सर्वांत रास्त वाट मधली : एकसारख्या व्यासाचे तयार बेंड आणि लेसरने कापलेली ८ ते १० मिमी. जाडीची फ्लँज (इंजिनाच्या हेडवर बसणारी पट्टी) विकत घ्यावी, आणि जुळणी व वेल्डिंग गावातच करावे. वाळू भरून, तापवून वाकवलेली नळी वळणावर चपटी होण्याची शक्यता राहते. तिथे प्रवाह अडतो.

कारागिरी : नांदेड-लातूरची यातली खरी ताकद साखर कारखान्यांत आहे. विलासनगरच्या मांजरा किंवा अर्धापूर परिसरातील भाऊराव चव्हाण कारखान्यासारख्या कारखान्यांमुळे पातळ स्टेनलेसच्या नळ्यांवर आर्गन वेल्डिंग करणारे हात या भागात आहेत. मॅनिफोल्डला लागणारी ३०४ जातीची, १.२ ते १.६ मिमी. जाडीची नळी त्यांच्या सवयीची असते. काम या क्रमाने करावे : भंगारातले त्याच इंजिनाचे हेड मिळवून सांगाड्यात बसवावे, फ्लँज त्यावर बोल्टने आवळावी, बेंड जागेवरच टाक्यांनी जोडावेत, आणि पूर्ण वेल्डिंग करतानाही फ्लँज सोडू नये, नाहीतर ती वाकते आणि गॅसकेट धरत नाही. नळीच्या आतूनही आर्गन सोडावा. तसे न केल्यास सांध्याच्या आत काळी खरखरीत खपली जमते आणि सांधा तिथूनच तडकतो.

स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जास्त वाढते. ५० सेंमी. नळी ६०० अंशांनी तापली तर ती ५ मिमी.हून अधिक लांबते. म्हणून नळ्या कलेक्टरमध्ये, म्हणजे त्या जिथे एकत्र येतात त्या भागात, सरकत्या ठेवून स्प्रिंगने धरतात आणि सायलेन्सरला रबरी आधार देतात. ऑक्सिजन सेन्सरची बैठक आडव्यापेक्षा किमान १० अंश वर झुकवावी, म्हणजे इंजिन थंड असताना नळीत जमणारे पाणी सेन्सरवर साचत नाही.

आवाज आणि कायदा : स्पर्धेत नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात आवाज मोजतात. मर्यादा निष्क्रिय गतीला १०३ आणि चाचणीच्या फेऱ्यांवर ११० डेसिबल. चाचणीच्या फेऱ्या पिस्टनच्या सरासरी १५.२५ मी. प्रतिसेकंद वेगावरून ठरतात, ६० मिमी. स्ट्रोकच्या केटीएमला त्या सुमारे ७,५०० येतात. सायलेन्सरची जागा म्हणूनच पहिल्या आराखड्यातच राखावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळे बदल केलेले वाहन रस्त्यावर आणता येत नाही; घरी बांधलेली अशी मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा महाविद्यालयाच्या आवारातच चालवावी.