समुद्रापलीकडचा आवाज : चोरटे रेडिओ, रेडिओ सिलोन आणि झाशीजवळचे एक केंद्र

प्रस्तावना

मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजावरून 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू झाला. ब्रिटनची सागरी हद्द तेव्हा तीन सागरी मैलांची होती. जहाज त्यापलीकडे उभे असल्याने देशातील कायदा त्याला लागू होत नव्हता. अशा केंद्रांना 'चोरटे रेडिओ' म्हणत. ऑगस्ट १९६७ मध्ये नव्या कायद्याने त्यांची रसद आणि जाहिराती तोडल्या. पण पुढच्याच महिन्यात बीबीसीने तशाच संगीतासाठी 'रेडिओ वन' सुरू केले आणि चोरट्या केंद्रांवरचे काही निवेदकही घेतले. बंदी केंद्रांवर आली. त्यांनी लावलेली आवड मात्र टिकली.

भारतातील समांतर उदाहरण

भारतात असे जहाज आले नाही, परंतु समुद्रापलीकडून तसाच दबाव आला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. हे केंद्र आपल्या देशात पूर्णपणे कायदेशीर होते, म्हणून त्याला 'चोरटे' म्हणता येणार नाही. पण परिणाम तोच झाला. 'बिनाका गीतमाला'सारखे कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, विमानाने कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर पुन्हा भारतात येत. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन फार दूर पोहोचतात. म्हणूनच किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या झाशीसारख्या शहरांच्याही त्या आवाक्यात होत्या. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या.

गाण्यांपलीकडचा प्रश्न

श्रोत्यांना गाणी मिळाली, पण बोलण्याचा हक्क कोणाचा? १८८५ च्या भारतीय तार कायद्यानुसार प्रक्षेपणाचा अनन्य अधिकार सरकारकडेच होता. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाने परवान्याची अट काढली नाही. सरकारी मक्तेदारीचा पाया मात्र हलला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक केंद्र चालवण्याची मुभा मिळाली.

त्यातूनच २००८ मध्ये झाशीजवळच्या ओरछा येथे 'रेडिओ बुंदेलखंड' सुरू झाला. ज्या बोलीला मोठ्या केंद्रांवर क्वचितच जागा मिळते, त्या बुंदेलीत तेथे शेती, पाणी आणि लोकगीते ऐकू येतात. मात्र अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फक्त आकाशवाणीच्याच बातम्या पुनःप्रक्षेपित करता येतात. म्हणजे गावाची विहीर आटली तर पाणी जपण्यावर कार्यक्रम करता येतो, पण त्या विहिरीची बातमी देता येत नाही.

समारोप

चोरट्या रेडिओंचा खरा वारसा जहाजांत किंवा गाण्यांत नाही. हवेवर कोणाची मालकी, हा प्रश्न त्यांनी उघड्यावर आणला. भारतात तो अर्धाच सुटला आहे.

विचारासाठी : सामुदायिक केंद्रांवरील बातम्यांची मर्यादा १९९५ च्या निकालाशी सुसंगत आहे का? आपले मत कारणांसह मांडा.