कचोरी आणि चांदी



कोरोनात व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, असे आपण सरसकट म्हणतो. कॉमर्स शिकलेली असल्यामुळे मला ते 'सरसकट' पटत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच दोन गावांचा हिशेब मांडून पाहा. शेगाव आणि खामगाव. मधले अंतर जेमतेम 17-18 किलोमीटर.

शेगावची कमाई येणाऱ्या माणसावर. तिथली कचोरीसुद्धा रेल्वे स्टेशनवरच जन्मली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास ती सुरू केली. 2020 चा प्रकटदिन 15 फेब्रुवारीला गर्दीत पार पडला. मार्चमध्ये मंदिर बंद झाले, 22 तारखेपासून प्रवासी गाड्याही थांबल्या. मग 2 एप्रिलची रामनवमी गेली, आषाढीची पायी पालखी गेली, 23 ऑगस्टची ऋषिपंचमी गेली. हारवाल्यांची, पेढेवाल्यांची, लॉजवर चादरी धुणाऱ्या बायांची वर्षाची बेगमी याच दिवसांवर असते. आणि माल कसला, तर फुले आणि पेढे! सकाळी भांडवल, संध्याकाळी कचरा. 16 नोव्हेंबरला, पाडव्याला, राज्यातली मंदिरे उघडली. पण फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या अमरावती विभागातच साथ उसळली. 5 मार्चचा प्रकटदिन गर्दीविना झाला. एप्रिलपासून मंदिरे पुन्हा बंद, ती थेट 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली.

आता खामगाव. देवपूजेच्या चांदीसाठी आपण तिथेच जातो. 25 मार्च 2020, टाळेबंदीचा पहिला दिवस, नेमका गुढीपाडवा. 26 एप्रिलला अक्षय तृतीया. खरेदीचे दोन्ही मुहूर्त कुलुपात गेले. पण चांदी नासत नाही. मार्चच्या मध्यावर किलोला 35 हजारांच्या खाली गेलेला भाव ऑगस्टमध्ये 75 हजारांच्या वर होता. दुकान बंद आणि आतल्या मालाची किंमत दुपटीहून जास्त! अर्थात माल ज्याचा, त्याच्यासाठी. घडणावळीवर जगणाऱ्या कारागिराला या भावाचा काय उपयोग? ऑर्डर नाही तर मजुरी नाही. म्हणून खामगावचा कारागीर मला शेगावच्या हारवाल्याच्याच ओळीत दिसतो.

दुकाने बंद करताना राज्याने जो साथरोग कायदा लावला तो 1897 चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. मूळची चारच कलमे. त्यात नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण 'असल्यास' एवढ्याच शब्दात. 1918 ला मानमोडी आली तेव्हाही कायदा हाच होता. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि देशात सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांपैकी हा एक. त्या वर्षी पावसाने दगा दिलेला. त्यात साथीचा जोर ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे कापूस वेचणीच्या ऐन तोंडावर.

2020 ला निदान काही मदत मिळाली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्टचे हप्ते लांबवायची मुभा दिली. व्याज मात्र चालूच. शिवाय ही सवलत बँकेचे कर्ज असलेल्यांना. हारवालीचे कर्ज भिशीचे नाही तर हातउसने, तिथे कसली मुदत? तिच्यासाठी 1 जूनला स्वनिधी योजना जाहीर झाली. 24 मार्चला किंवा त्याआधीपासून शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्यांना 10,000 रुपयांपर्यंत कर्ज, एका वर्षात फेडायचे. म्हणजे महिन्याला मुद्दलाचेच 833 रुपये, वर व्याज. आणि मंदिरे त्यानंतरही साडेपाच महिने बंदच होती.