१९७५ सालचे बरे-वाईट सिनेमे

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांत आणि हल्ली फोनवरसुद्धा 'यंदाचे उत्तम दहा सिनेमे, यंदाचे टाकाऊ दहा सिनेमे' अशा याद्या यायला लागतात. आमचा पुतण्या दरवर्षी विचारतो, "आत्या, तुझी यादी कुठे आहे?" आता यंदाचे सिनेमे मी पाहिलेच नाहीत फारसे. त्या मल्टिप्लेक्समध्ये आवाज एवढा मोठा असतो की घरी आल्यावरही कानात घुमत राहतो! म्हणून त्याला म्हटलं, यादीच हवी ना, मग १९७५ सालची देते. पन्नास वर्षं उलटून गेली, सगळी बक्षिसं वाटून झाली, कुणाला राग यायची भीती नाही.

१९७५च का? तर एकाच वर्षात काय काय आलं बघा. 'दीवार', 'आँधी', 'चुपके चुपके', 'जय संतोषी माँ', 'शोले', 'निशांत'. मराठीत 'सामना' आणि 'पांडू हवालदार'. आणि वर्षाच्या ऐन मध्यावर, २५ जूनच्या रात्री, आणीबाणी. हे शेवटचं नाव सिनेमाचं नाही, पण ते वगळून त्या वर्षाची यादी करता येत नाही, असं माझं मत आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. 'या वर्षीचा सिनेमा' ही भानगड त्या काळी मुंबई-पुण्याची होती. मी नुकतीच बी.ए. होऊन सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शाळेत लागले होते. सिनेमाच्या प्रिंटा मोजक्याच निघायच्या. आधी त्या मोठ्या शहरांत फिरायच्या आणि तिथला उत्साह ओसरला की ओरखडे पडलेल्या अवस्थेत आमच्याकडे. दिवाळीनंतर गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की टाळ्या. त्यामुळे १९७५ चे निम्मेअधिक सिनेमे मी १९७६-७७ मध्ये पाहिले. तोवर त्यातले काही पडद्यावरून उतरवलेही गेले होते.

'आँधी'चंच घ्या. गुलज़ार यांचे त्या एका वर्षात तीन सिनेमे आले, 'आँधी', 'खुशबू' आणि 'मौसम'. एखाद्याला आयुष्यभरात एवढं जमत नाही. 'आँधी'त सुचित्रा सेन राजकारणी बाई झाली होती. पांढऱ्या केसांची बट, साडी नेसायची ढब, चालण्यातला तोरा, हे सगळं पाहून लोकांना जे वाटायचं ते वाटलंच. दक्षिणेत म्हणे 'आपल्या पंतप्रधानांना पडद्यावर पाहा' अशा अर्थाची जाहिरातही झाली होती. वास्तविक गोष्ट आहे एका मोडलेल्या संसाराची. वर्षांनी भेटलेले नवरा-बायको, तो हॉटेलचा मॅनेजर, ती निवडणुकीला उभी. पण आणीबाणीत तो चालू सिनेमा उतरवला गेला आणि १९७७ मध्ये सरकार बदलल्यावरच पुन्हा दिसला. मधल्या काळात संजीवकुमारला याच सिनेमासाठी फिल्मफेअरचं उत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालं! म्हणजे बक्षीस मिळालंय आणि सिनेमा मात्र बघता येत नाही. माझ्या यादीत 'आँधी' चांगल्यांत आहे, पण पहिला नाही. राजकारणाचा भाग थोडा वरवरचाच वाटतो मला.

निदान तो पाहायला तरी मिळाला. अमृत नाहटांचा 'किस्सा कुर्सी का' त्याच वर्षी सेन्सॉरकडे गेला आणि नंतर जप्त झाला. नाहटा स्वतः खासदार होते. सिनेमात सत्ताधाऱ्यांची उघड टिंगल होती. त्याच्या प्रिंटा गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या गेल्या. पुढे खटला झाला. १९७९ मध्ये संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल दोषी ठरले, आणि नंतर तो निकाल फिरवला गेला. नाहटांनी तो सिनेमा पुन्हा नव्याने काढला, तो १९७८ मध्ये आला, पण तो काही १९७५ चा नव्हे. मूळ सिनेमा चांगला होता की वाईट हे आपल्याला कधीच ठरवता येणार नाही. माझ्या यादीत त्याच्यासाठी एक ओळ मी कोरी ठेवली आहे.

'शोले'बद्दल काय लिहायचं! पोरासोरांना संवाद पाठ आहेत. संवादांची वेगळी ध्वनिमुद्रिका निघाली होती, गणपतीच्या मांडवात ती लावायचे. १५ ऑगस्टला लागला तेव्हा मात्र समीक्षकांनी 'विझलेला निखारा' म्हणण्यापर्यंत मजल मारली होती. मग मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं मुक्काम! फिल्मफेअरने त्या वर्षी त्याला एकच बक्षीस दिलं, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. आपला मराठी माणूस! दिग्दर्शक, लेखक, अमजद खान, सगळे रिकाम्या हातांनी परत. आणि २००५ साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. याद्या करणाऱ्यांनी हा किस्सा भिंतीवर लावून ठेवावा.

पण मला बोलायचंय ते त्याच्या शेवटाबद्दल. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. सेन्सॉरला ते पटलं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो, हे आणीबाणीत कसं दाखवणार? म्हणून शेवट नव्याने चित्रित करावा लागला. ऐन क्षणी पोलीस पोचतात, कायद्याच्या गोष्टी सांगतात आणि गब्बरला घेऊन जातात. तीन तास ज्या गावात पोलीस औषधालाही दिसत नाहीत, ते शेवटच्या दोन मिनिटांत उगवतात कुठून? तंबूत बसलेल्या आमच्या शिपाई मामांनीही हेच विचारलं होतं. त्यांना सेन्सॉर-बिन्सॉर काही ठाऊक नव्हतं. मूळ शेवट मी पुष्कळ वर्षांनी घरी सीडीवर पाहिला. गब्बर मरतो आणि ठाकूर कोसळून रडायला लागतो. सूड पुरा झाला आणि हाती काही उरलं नाही, हे त्या रडण्यात आहे. तेच कापलं गेलं! २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासकट दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी. तर 'शोले' चांगल्यांत, पण पोलीस येतात ती दोन मिनिटं १९७५ च्या टाकाऊ यादीत सगळ्यात वर.

'दीवार' मला 'शोले'पेक्षा जास्त आवडतो. (इथे आमच्या घरात दोन तट आहेत.) १९७४ चा रेल्वेसंप, रॉकेलच्या रांगा, बायकांचे लाटणे मोर्चे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गोदीतल्या त्या हमालाचा राग कुठून आला हे सांगावं लागत नाही. फिल्मफेअरने उत्तम चित्रपट 'दीवार'च ठरवला होता, आणि त्याबद्दल त्यांना फार नावं ठेवू नयेत.

आता टाकाऊंकडे येते. शिकल्यासवरल्या लोकांना त्या वर्षीचा सर्वांत वाईट सिनेमा विचारला असता तर त्यांनी बिनदिक्कत 'जय संतोषी माँ' म्हटलं असतं. पुठ्ठ्याचे ढग, चकाकणारे मुकुट, स्वर्गातल्या देवींची आपसांतली भांडणं. थोड्या पैशांत केलेला हा सिनेमा 'शोले' आणि 'दीवार'च्या बरोबरीने चालला. बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर आरती सुरू झाली की नाणी आणि फुलं उधळायच्या. त्याआधी आमच्या भागात या देवीचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. सिनेमा येऊन गेला आणि दर शुक्रवारी गूळ-चणे आणि आंबट वर्ज्य! आमच्या घरमालकीणबाई सोळा शुक्रवार करायच्या, त्या दिवशी आमटीत चिंच-आमसूल नाही. घरात चुकून कुणी ताक प्यायलं तर त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

मी काही व्रतं करणारी नव्हे. पण हा सिनेमा टाकाऊंत घालायला माझा हात धजत नाही. त्या वर्षीच्या मोठ्या सिनेमांतल्या बायका आठवून बघा. 'दीवार'मधली आई मुलांसाठी, 'शोले'तली विधवा दिवे मालवण्यासाठी. सासरी राब राब राबणारी, जावांचा जाच सोसणारी, नवरा परदेशी गेलेली साधी सून ही मुख्य पात्र कुठे होती? इथे होती. ती भांडी घासते, उपाशी राहते आणि तिचं ऐकायला एक देवी येते. बायका बैलगाड्या जुंपून आल्या त्या ढग बघायला नव्हेत. उषा मंगेशकरांच्या आवाजातली ती आरती अजूनही कितीतरी घरांत लागते. सिनेमा म्हणून कच्चा आहे, हे मान्य. पण वाईट म्हणजे काय हे आधी ठरवा, मग बोलू.

माझ्या मते त्या वर्षीचा खरा टाकाऊ सिनेमा म्हणजे मनोजकुमारचा 'संन्यासी'. तोही तुफान चालला होता. नायक विरक्त, ब्रह्मचारी, आणि त्याला संसारात ओढायला हेमा मालिनी. म्हणजे प्रवचनही ऐकवायचं आणि नाचही दाखवायचा. देवाधर्माचं नाव घेऊन प्रेक्षकाला हवं ते पुरवायचं आणि वर सोज्वळपणाचा टिळा लावायचा, हे मला तेव्हाही सहन झालं नाही. 'जय संतोषी माँ'त निदान भाबडेपणा खरा होता.

आता माझ्या पहिल्या दोन नंबरांबद्दल. हे दोन्ही विजय तेंडुलकरांनी लिहिले आणि दोन्हींत मास्तर आहेत. मी मास्तरीण, तेव्हा पक्षपात होतोय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.

जब्बार पटेलांच्या 'सामना'ला कुणी १९७४ चा म्हणतात, कुणी १९७५ चा. मी तो १९७५ मध्येच धरते, कारण त्या वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आणि योगायोग पाहा, तो महोत्सव सुरू झाला २७ जूनला. म्हणजे आपल्याकडे आणीबाणी लागून दोन दिवस झालेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला, आणि तिकडे साखर कारखान्याच्या सर्वेसर्वा धेंडाला जाब विचारणारा मराठी सिनेमा दाखवला जाणार! निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. हिंदुराव आक्रस्ताळा नाही, हेच भयंकर आहे. तो प्रेमाने जेवू घालतो, राहायला जागा देतो, गावाची प्रगती फिरवून दाखवतो. आमच्या जिल्ह्यात अशी माणसं रोज दिसायची, शाळेच्या बक्षीस समारंभाला अध्यक्ष म्हणून तीच यायची. आणि हा फाटका, थरथरत्या हातांचा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न पुढे महाराष्ट्रात म्हणीसारखा वापरला गेला. आणीबाणीत आम्हा शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या 'केसेस' आणायला सांगितलं जायचं. स्टाफरूममध्ये 'का' असं विचारायचं नाही, हे कुणी न सांगताच सगळ्यांना कळलेलं होतं. तेव्हा तो मास्तर मला फार आठवायचा.

श्याम बेनेगलांच्या 'निशांत'मधला मास्तर वेगळा. गिरीश कर्नाड. काळ १९४५ चा, मुलूख तेलंगणाचा. बायको-मुलाला घेऊन नव्या गावी आलेला साधा शिक्षक. जमीनदाराची माणसं त्याची बायको दारातून उचलून नेतात, सारं गाव बघतं आणि दारं लावून घेतं. तो पोलिसांकडे जातो, साहेबाकडे जातो, वकिलाकडे जातो. सगळीकडे अर्ज. आम्हा शिक्षकांना अर्जाचा नमुना तोंडपाठ असतो, म्हणून ते बघताना जास्तच लागतं. मग देवळात ती बायको, शबाना आझमी, त्याला भेटते आणि विचारते की तू काय केलंस? तो प्रसंग मी तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा मान खाली गेली. शेवटी गाव उठतं. पण उठतं ते असं की दोषी कोण, निर्दोष कोण हे बघायला कुणी थांबत नाही. त्या दंगलीत मास्तरची बायकोही वाचत नाही. इथे पोलीस वेळेवर येत नाहीत!

दोन्हींत पहिला कोण? 'सामना'. नुसता मराठी म्हणून नव्हे. 'निशांत' पाहून मी सुन्न झाले, 'सामना' पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना पाय जरा घट्ट पडत होते.

असो. यादी लांबली. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' कुठल्याच प्रतिष्ठित यादीत नव्हता, माझ्या आहे. त्यातल्या अशोक सराफला बघून आमचे कडक हेडमास्तर तंबूत मोठ्याने हसले होते आणि मग आजूबाजूला विद्यार्थी बसलेत हे लक्षात येऊन खोकले होते. 'चुपके चुपके' मी कुठेच बसवला नाही म्हणून नाशिकच्या वहिनी रागावणार, हे मला ठाऊक आहे. वहिनी, तो यादीबाहेर ठेवलाय तो मुद्दाम. ताप आला की बघायचा सिनेमा आहे तो, त्याला नंबर कसला द्यायचा? तुमचे १९७५ चे बरे-वाईट कोणते ते कळवा, आणि 'संन्यासी'ची बाजू घेणारं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा, मला ऐकायचंच आहे.