गोळी सुरू केल्यावर दिसणारे डाग

गंगापूर रोडवरच्या आपल्या केंद्रातून आरोग्याचा कार्यक्रम झाला की एक प्रश्न हमखास येतो. ‘माला-एन सुरू केली, पाळीची तारीख लांब आहे, तरी डाग दिसतात. गोळी मानवत नाही का?’ बहुतेकींच्या बाबतीत तसं काही नसतं. पण या डागांमागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, तो आज सांगतो.

संततिनियमनाचं काम आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत सुरू केलं. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. या कामापायी त्यांची नोकरी गेली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकामुळे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. 1953 मध्ये ते गेले, तेव्हा गर्भनिरोधक गोळी अजून यायची होती.

त्या गोळीची मोठी चाचणी 1956 मध्ये प्वेर्तो रिको बेटावर, गरीब वस्तीतल्या बायकांवर झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं, की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात. गोळी गुणकारी आहे, पण त्रास फार आहेत. मुख्य संशोधक ग्रेगरी पिंकस यांनी ते त्रास मनाचे ठरवले. बाईचं दुखणं मनाचं ठरवण्याची ही रीत आपल्यालाही नवी नाही!

डागांची गोष्ट मात्र प्रयोगशाळेतली आहे. पहिल्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं एकच औषध असावं, असं ठरलं होतं. पण ते बनवताना त्यात थोडं इस्ट्रोजेनही नकळत उतरत होतं. ही भेसळ काढून औषध शुद्ध केलं, तर बायकांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला. गर्भाशयाचं अस्तर सावरून धरायला इस्ट्रोजेन हवं, हे असं कळलं. मग ते मुद्दाम ठेवलं गेलं. 1960 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गोळीत ते 150 मायक्रोग्रॅम होतं. पुढे जास्त इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात हे दिसलं आणि मात्रा उतरत गेली. आजच्या माला-एनमध्ये, थोड्या वेगळ्या प्रकारचं, 30 मायक्रोग्रॅम असतं. गोळी अधिक सुरक्षित झाली, पण अस्तर स्थिरावायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर डाग दिसू शकतात.

हे आधी कुणी सांगितलं नाही तर काय होतं, ते देशाने 1965 नंतर पाहिलं. सरकारने लूप बसवण्याची मोठी मोहीम काढली. कित्येकींना जास्त रक्तस्राव झाला, पुढे विचारपूस करणारं कुणी नव्हतं. बायकांनी लूप काढून टाकले, अफवा पसरल्या. पुढे तांबी आली, तरी ती भीती बरीच वर्षं रेंगाळली.

आपल्याकडे डाग म्हणजे नुसता डाग नसतो. देवाला शिवायचं नाही, काही घरांत बाजूला बसायचं. महिन्यातून दोनदा बाजूला बसण्यापेक्षा बाई गोळीच सोडते, आणि मग नको असताना दिवस जातात.

म्हणून डाग दिसले तरी पाकीट अर्धवट सोडू नका. गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. रात्री जेवणानंतर घेतली की लक्षात राहते. विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरा. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या दिवसांत येणारा स्राव अपेक्षितच असतो. सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या वेगळ्या, त्या गर्भनिरोधक म्हणून घ्यायच्या नसतात.

तीन महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, स्राव भरपूर झाला, संबंधानंतर रक्त दिसलं किंवा दिवस गेल्याची शंका आली, तर डॉक्टरांना दाखवा. एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक खूप डोकं दुखणं किंवा नजर अंधुक होणं, यांत एकही दिवस दवडू नका. बाळ अंगावर पीत असेल, रक्तदाब असेल, तर सुरू करण्याआधीच विचारा. आणि टीबीची औषधं चालू असतील तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना नक्की सांगा: त्यांतल्या रिफाम्पिसिनने गोळीचा जोर कमी होतो, अशा वेळी डागही पडतात आणि दिवसही जाऊ शकतात.