मैदानावरचा चेंडू आणि पॅव्हेलियनबाहेरचा चहा

जालना जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडला जातो, तेव्हा त्याच्या अंगावर जो गणवेश येतो त्याचा इतिहास त्याला कुणी सांगत नाही. त्या गणवेशावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे नाव असते. 1958 साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर काय कोसळले, हे या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे गेली, पिढी तुरुंगात आणि रस्त्यावर वाढली. आज तेच नाव अंबड-भोकरदनचा, मंठा-परतूरचा खेळाडू छातीवर घेऊन धावतो. त्याच्याबरोबर सवर्ण खेळाडूही तेच नाव छातीवर घेऊन धावतो. मैदानाने एवढे तरी घडवले आहे.

पण मैदान खरोखरच जात विसरते काय? खेळात फक्त गुण पाहिले जातात, हा प्रस्थापितांचा आवडता सिद्धांत आहे. या सिद्धांताची परीक्षा घ्यायची तर खेळाडूच्या सत्काराची छायाचित्रे पाहून भागत नाही. त्याला पगार कोण देत होते, तो जेवायला कुठे बसत होता आणि संघाचे नेतृत्व कोणाकडे होते, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. महाराष्ट्रात हे प्रश्न विचारण्यासाठी सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म 1876 सालचा, धारवाडचा. जात चांभार. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. पुण्यातील पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे आणि रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर काम मिळाले. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची आणि साहेब फलंदाजीचा सराव करतील तेव्हा त्यांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजाला बाद केले की तो आठ आणे देत असे, अशी आठवण सांगितली जाते. त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही.

हा तपशील किरकोळ नाही. फलंदाजी हा साहेबांचा आनंद होता आणि गोलंदाजी हे चाकराचे श्रम होते. वर्णव्यवस्थेने ज्या समाजाकडे केवळ श्रम सोपवले, त्या समाजाचा मुलगा क्रिकेटमध्ये आला तोही श्रमाच्या दाराने. परंतु त्याने त्या श्रमाचेच शास्त्र केले. डावखुरी संथ गोलंदाजी, चेंडूचा टप्पा, त्याची फिरक, वेगातील बदल हे सारे त्या चार रुपयांच्या नोकरीत घोटले गेले.

पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. मग प्रश्न उभा राहिला तो विटाळाचा. तोडगा निघाला तो हिंदू समाजाच्या एकूण वृत्तीला शोभेसाच होता. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचा. जेवणही वेगळे. चेंडू कातड्याचा होता, आणि तो चांभाराच्या हातातून सवर्णांच्या हातात दिवसभर फिरत होता. मातीच्या भांड्याला विटाळ होत होता, चेंडूला होत नव्हता! स्वार्थ असेल तेथे धर्मशास्त्र किती लवचीक होते, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईला आले. सैन्यात आणि पुढे रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राने या विजयाचा सामाजिक अर्थ त्याच वेळी ओळखला: अस्पृश्य खेळाडूला सामावून घेतले म्हणून विजय मिळाला. पण हा अर्थ मैदानापुरताच राहिला. गावच्या विहिरीपर्यंत तो पोहोचला नाही.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम या संघात होते. कर्णधार महाराज फार थोडे सामने खेळले. संघ दुबळा ठरला. 23 सामन्यांपैकी 15 हरला, 6 जिंकला. या पडझडीत एकटे बाळू उभे राहिले. सर्व सामने मिळून त्यांनी 114 बळी घेतले. तेव्हा ते पस्तिशीचे होते. उमेदीची वर्षे जाळ्यांत साहेबांना सराव देण्यात गेली होती.

इंग्लंडमध्येही विषमता होतीच, फक्त तिचे नाव वेगळे होते. तेथे हौशी खेळाडूला ‘जंटलमन’ म्हणत आणि पगारी खेळाडूला नुसता ‘प्लेयर’. दोघांचे पोशाखघर वेगळे, मैदानात उतरण्याचे फाटकही अनेक ठिकाणी वेगळे. हा भेद 1962 साली अधिकृतपणे संपला. पण इंग्लंडमधील भेद वर्गाचा होता. पैसा आणि प्रतिष्ठा आली तर तो ओलांडता येत असे. आपल्याकडचा भेद जन्माचा होता. बाळूंनी कितीही बळी घेतले तरी तो ओलांडण्याची सोय नव्हती. येथे पगारी खेळाडू या शब्दाकडेही वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी वतन होते त्याला फुकट खेळणे परवडत होते. ज्याच्या बापजाद्यांनी बलुत्याच्या तुकड्यांवर राबणूक केली, त्याला कौशल्याचे ठरवून दिलेले रोख वेतन मिळणे ही अप्रतिष्ठा नव्हती. ती मुक्तीची पहिली पायरी होती.

बाळू परतले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा गौरव केला. तरुण भीमराव आंबेडकर या गौरवात पुढे होते, असे सांगितले जाते. दोनच वर्षांनी, 1913 साली, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेले. एक माणूस चेंडूच्या बळावर समुद्रापार गेला, दुसरा पुस्तकाच्या बळावर. दोघांनाही संस्थानिकाचा हात लागला, कारण आपल्या समाजाजवळ स्वतःची तिजोरी नव्हती.

तिसरा प्रश्न नेतृत्वाचा. बाळू हिंदू संघाचा आधारस्तंभ होते, पण कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. 1920 साली ज्येष्ठता डावलली गेल्यावर विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीरपणे मांडली. खेळाच्या इतिहासात या कृतीला महत्त्व आहे. कारण दलित खेळाडूने ‘आम्हांला खेळू द्या’ अशी विनंती न करता ‘नेतृत्व द्या, नाहीतर आम्ही खेळत नाही’ असे सांगितले. महाडच्या आधी सात वर्षे हे घडले. 1923 साली अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवले. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानणारा समाज होता, त्यांना लोकांनी खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. दलित आत्मकथनांची चर्चा करताना आपण त्याचा उल्लेख करीत नाही, हा आपलाही दोष आहे.

बाळूंच्या चरित्राचा उत्तरार्ध आपल्याला अवघड वाटतो. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि सुमारे दोन हजार मतांनी ते हरले. काहींनी यामुळे बाळूंना इतिहासातून वगळले, तर काहींनी मैदानावरच्या कर्तृत्वाआड ही निवडणूक झाकली. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ज्याने व्यवस्थेच्या आत राहून मान मिळवला, त्याला त्या व्यवस्थेच्या सदिच्छेवर विश्वास ठेवावासा वाटला, हे समजण्यासारखे आहे. सवर्णांनी त्यांचा चेंडू वापरला, पुढे त्यांचे नावही वापरले. हा धोका वैयक्तिक यशात नेहमीच असतो. बाळूंचे निधन 1955 साली झाले.

आता बास्केटबॉलकडे वळू. हा खेळ 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधला. त्याच नेस्मिथकडे कॅन्सस विद्यापीठात जॉन मॅक्लेंडन हा निग्रो विद्यार्थी शिकला, पण विद्यापीठाच्या संघात त्याला प्रवेश नव्हता. पुढे तो डरहॅम येथील निग्रो महाविद्यालयाचा प्रशिक्षक झाला. 12 मार्च 1944 च्या रविवारी सकाळी, सारे शहर चर्चमध्ये असताना, दारे बंद करून त्याचा संघ ड्यूक विद्यापीठाच्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांशी गुपचूप खेळला आणि 88 विरुद्ध 44 गुणांनी जिंकला. काळे आणि गोरे एकत्र खेळणे हा तेथे गुन्हा होता. 1950 साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेत पहिले काळे खेळाडू आले. 1966 साली टेक्सस वेस्टर्न महाविद्यालयाने पाच काळे खेळाडू घेऊन सुरुवात केली आणि केंटकीच्या गोऱ्या संघाला अंतिम सामन्यात नमवले. 1946 साली डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या बाबासाहेबांना हे नाते केव्हाच दिसले होते.

काळ्या खेळाडूला तेथे स्वतःची महाविद्यालये होती, हा मोठा फरक. तेथून शिकून बाहेर पडलेले आणि अमेरिकेच्या मुख्य संघांत जागा न मिळालेले असंख्य खेळाडू युरोपात पगारावर खेळायला जातात. आपल्या देशात असा रस्ता जवळपास नाही. केरळच्या गीतू अण्णा जोस या चंगनाशेरीच्या असम्प्शन महाविद्यालयातून घडल्या आणि 2006 ते 2008 या काळात ऑस्ट्रेलियातील रिंगवुड क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळल्या. पण त्यांचाही आधार दक्षिण रेल्वेची नोकरी हाच होता. बाळूंनाही रेल्वेनेच जगवले. शंभर वर्षांच्या अंतराने या देशातील खेळाडू अजून नोकरीच्या तुकड्यावरच उभा आहे, आणि ज्याच्या घरी शेती नाही, ज्याचा बाप उसतोडीला जातो, त्याला तर त्या तुकड्याचीही खात्री नाही.

म्हणून जालन्याच्या त्या खेळाडूला आपण काय सांगायचे? खेळ सोड आणि अभ्यास कर, असे सांगणे सोपे आहे; ते सांगणारे बहुधा खेळालाही शिक्षण मानत नाहीत. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत महाविद्यालय उभारले ते मराठवाड्यातल्या वंचित मुलाला माणूस म्हणून पूर्ण उभे राहता यावे म्हणून. त्या पूर्णत्वात शरीराचे सामर्थ्यही येते. तेव्हा त्याला खेळ म्हणावे. पण पगार, पंगत आणि नेतृत्व हे तीन प्रश्न विसरू नको म्हणावे. प्रशिक्षक, निवड समिती आणि वसतिगृह यांत आपली माणसे किती, हे त्याच्या शिक्षकांनी विचारावे. कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी वस्तीजवळ एक मैदान आणि दोन खांब मागावेत. ही मागणी लहान वाटते, पण बाळूंच्या काळी रोलर फिरवण्याची परवानगी हीसुद्धा लहानच गोष्ट होती.

छातीवरच्या नावासाठी माणसे मेली. ते नाव घेऊन धावणाऱ्याला आता पॅव्हेलियनबाहेर चहा पिण्याचे कारण नाही.